कंपनी विकल्यावर शनिवार कोणाचा?

आदरणीय ताई,

आम्ही चौघे मित्र. जळगावला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही पत्त्यांचा एक खेळ तयार केला आणि त्यातूनच नऊ वर्षांपूर्वी बैठ्या खेळांची आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी उभी राहिली. आज एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये आम्हा चौघांखेरीज अकरा माणसे कामाला आहेत. सर्वांत जास्त खपणारा आमचा खेळ केळीच्या व्यापारावर आहे. रावेर-सावद्याच्या बागांतून माल उचलायचा, वॅगन भरायची आणि दिल्लीला पोहोचेपर्यंत तो पिकू द्यायचा नाही.

मुंबईच्या एका मोठ्या खेळणी कंपनीने आमच्या कंपनीचे ६० टक्के शेअर घेण्याचा प्रस्ताव दिला आहे. दोघे मित्र राजी आहेत. तिसरा धुळ्याकडचा, तो एवढेच म्हणाला, "मंग तठे आपलं काय ऱ्हायनं?" मी मधल्या मधे अडकलो आहे. पैशांची गरज आहे, हे खरे. पण दर शनिवारी दुपारी दोनला आमचे मशीन बंद होते आणि ज्याला यायचे तो येऊन नवा खेळ खेळून पाहतो. शाळेतली मुले येतात, बँकेतले कॅशियर येतात, भुसावळहून रेल्वेचे एक निवृत्त गार्ड येतात. गाडी सायडिंगला पडून राहिली तर डब्यातला माल आधी पिकतो, हा नियम त्यांनीच आम्हाला दिला. मालक बदलला की हे सगळे जातेच का? आमच्या पॅकिंगच्या काकू सात वर्षांपासून प्रत्येक डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, एखादी सोंगटी कमी असली तर वजनावरून ओळखतात. त्या रोज विचारतात, "माझी नोकरी राहील ना?" त्यांना काय सांगू?

— एक वाचक, जळगाव

प्रिय भाऊ,

तुमचे पत्र आल्यापासून मला एक वही आठवते आहे. फवारणी पंप बनवणाऱ्या एका घरगुती कंपनीत मी चोवीस वर्षे हिशेबाचे काम केले. कंपनीच्या दारात एक लाकडी टेबल होते आणि त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याची वही. चोपड्याहून, पारोळ्याहून, शिरपूरकडून शेतकरी पंप घेऊन येत. कोणाचा वॉशर गेलेला असे, कोणाचे नोझल तुंबलेले. कारागीर तिथल्या तिथे दुरुस्त करून देई, वहीत नाव आणि गाव लिहिले जाई आणि पैसे घेतले जात नसत. पुढे बाहेरच्या एका समूहाने कंपनी विकत घेतली. पहिले तीन महिने काहीच बदलले नाही, उलट चहा सुधारला. मग नवे व्यवस्थापक एकदा माझ्या टेबलापाशी आले, वही चाळली आणि अगदी सौम्यपणे विचारले, "याचे उत्पन्न आपण कोणत्या खात्यात धरता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो माणूस वाईट नव्हता. आमच्याबरोबर बसून भरीत आणि कळण्याची भाकरी आवडीने खाणारा होता. परंतु नव्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट दुरुस्तीसाठी खाते नव्हते, खाते नव्हते म्हणून वॉशरचा खर्च कुठेच टाकता येईना, आणि वर्षभरात ते टेबल दारातून हलले. वही बंद करा, असा आदेश कोणीही कधी दिला नाही.

म्हणून वातावरण बदलते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. फक्त ते बदलण्याचे कारण बहुतेक लोक समजतात तसे हावरेपणा हे नसते. पूर्वी कंपनीने कोणाला आणि कोणत्या मापाने हिशेब द्यायचा हे तुम्ही चौघे ठरवत होता. आता दर तिमाहीला, तुमचा खेळ कधीही न खेळलेल्या माणसांना, एका पानावर मावेल असा हिशेब द्यावा लागेल. त्या पानावर जे दिसते ते वाढते आणि जे दिसत नाही ते कोणी न मारताच मरते.

माझा भाचा पुण्याला दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा रोल-प्लेइंग खेळ खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एखादे पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ. तुमच्या पत्राच्या निमित्ताने मी त्याच्याकडून त्या खेळाच्या कंपनीची पन्नास वर्षांची कथा समजून घेतली, नंतर स्वतः वाचून पडताळली, आणि ती तुमच्यापुढे जरा सविस्तर ठेवते, कारण तुमच्या व्यवसायात मालकी किती प्रकारांनी बदलू शकते हे तीत जवळजवळ सगळेच आले आहे.

गॅरी गायगॅक्स हा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावचा. विम्याची नोकरी गेल्यावर तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होता. १९७३ मध्ये त्याने डॉन के या बालमित्रासोबत टीएसआर ही कंपनी काढली. डेव्ह आर्नेसनसोबत रचलेला हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. पहिल्या हजार प्रती त्यांनी घरच्या घरी हाताने जुळवून डब्यांत भरल्या. १९७५ मध्ये के वारला, भागीदारीत नवे पैसेवाले आले, आणि पुढे खेळ जगभर पोहोचला तरी बहुमताचे शेअर मात्र गायगॅक्सच्या हातात राहिले नाहीत. १९८५ मध्ये कंपनीचा ताबा लोरेन विल्यम्स यांच्याकडे गेला आणि पुढच्या वर्षी संस्थापक स्वतःच बाहेर पडला. लक्षात घ्या, इथवर कोणत्याही महाकाय कंपनीचा संबंध आलेला नाही. जे झाले ते मित्रामित्रांत वाटलेल्या शेअरांमुळे आणि कर्जामुळे झाले.

पुढचा भाग तर हौशी लोकांच्या मालकीचे गोडवे गाणाऱ्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. टीएसआरने नव्वदच्या दशकात इतका माल छापला की पुस्तकांच्या दुकानांतून न खपलेला साठा १९९६ च्या अखेरीस परत येऊ लागला, छापखान्याची देणी थकली आणि नवीन छपाई अडली. ज्या कंपनीने १९९७ मध्ये तिला वाचवले ती 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' ही सिअ‍ॅटलजवळची कंपनी, पीटर अ‍ॅडकिसन या हौशी खेळाडूने १९९० मध्ये काढलेली. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्डने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ तिने १९९३ मध्ये आणला आणि त्याच्या पैशांवर टीएसआर विकत घेतली. म्हणजे आधी एका हौशी कंपनीने दुसरीला उचलले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, हॅस्ब्रो या खेळण्यांच्या अवाढव्य कंपनीने विझार्ड्सलाच सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलरना घेतले. अ‍ॅडकिसन लवकरच तिथून निघाला आणि २००२ मध्ये त्याने 'जेन कॉन' ही खेळांची जत्रा स्वतःच्या पैशांनी विकत घेतली. कंपनी विकलेल्या माणसाने आपला शनिवार तेवढा परत विकत घेतला, असे मला हे वाचताना वाटले.

हॅस्ब्रोने सगळे लगेच मोडून टाकले, असे मुळीच नाही. उलट २००० मध्ये, म्हणजे हॅस्ब्रोच्याच मालकीत, विझार्ड्सने एक खुला परवाना काढला. खेळाच्या मूळ नियमांवर आधारलेली पुस्तके कोणीही, एक पैसाही न देता, छापून विकू शकत होता. त्यावर अनेक छोटे प्रकाशक उभे राहिले आणि त्यांतले काही वीस वर्षांहून अधिक काळ टिकले. तो परवाना मला माझ्या लाल वहीसारखा वाटतो. त्याने कंपनीचे केवढे भले झाले हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, मात्र तिमाहीच्या पानावर त्यासाठी रकाना नव्हता.

मग डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांसमोर बोलताना, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावातून जितकी कमाई व्हायला हवी तितकी होत नाही, अशा अर्थाचे विधान केले. माझ्या टेबलापाशी सौम्यपणे विचारला गेला तोच हा प्रश्न, फक्त फार मोठ्या टेबलापाशी. महिन्याभरात, जानेवारी २०२३ मध्ये, नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द ठरवायचा, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या प्रकाशकाकडून वरच्या रकमेवर २५ टक्के घ्यायचे, असे त्यात होते. उत्पन्नावर, नफ्यावर नव्हे! छपाई, गोदाम आणि वाहतूक यांचे बिल भागवल्यावर बैठ्या खेळांच्या प्रकाशकाच्या हातात काय उरते हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको. खेळाडूंनी खेळाच्या ऑनलाइन सेवेची आपली वर्गणी रद्द करायला सुरुवात केली आणि प्रतिस्पर्धी प्रकाशक पायझोचे, एरवी आठ महिने पुरेल एवढे मूळ नियमपुस्तक दोन आठवड्यांत संपले. २७ जानेवारीला विझार्ड्सने माघार घेतली आणि मूळ नियमांचा चारशे पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कोणालाही तो मजकूर वापरू देणाऱ्या आणि परत घेता न येणाऱ्या, परवान्याखाली मोकळा केला.

खेळाडू जिंकले, एवढ्यावर ही घटना लोक सोडून देतात. मला तीत कागदाची गोष्ट दिसते. जुना परवाना कायमचा आहे असे सगळे वीस वर्षे मानत होते, त्याच्या निर्मात्यांचाही तोच हेतू होता, पण 'रद्द करता येणार नाही' हे शब्द त्यात लिहिलेले नव्हते. लिहिताना समोर बसलेली माणसे भली होती, म्हणून कोणाला गरज वाटली नाही. त्यातली बहुतेक माणसे २०२३ पर्यंत तिथे उरलीच नव्हती. तुमच्याशी आज बोलणारे मुंबईचे साहेबही कदाचित मनापासून बोलत असतील. परंतु तीन वर्षांनी त्यांची बढती होईल किंवा ते दुसरीकडे जातील, आणि त्यांच्या खुर्चीवर येणाऱ्याला तुमच्या शेडमध्ये चहा पिताना झालेले बोलणे बांधील नसेल.

आणखी एक गोष्ट, कारण 'आपण नफ्यात राहिलो तर आपल्याला कोण हात लावणार' अशी तुमच्या दोन राजी मित्रांची समजूत असावी असे पत्रावरून वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या तोंडावर, हॅस्ब्रोने अकराशे माणसांची कपात जाहीर केली. त्याच वर्षी आधी सुमारे आठशे गेली होतीच. विझार्ड्सचा विभाग तर समूहाचा कमावता पूत होता, 'मॅजिक'ची वर्षाची उलाढाल शंभर कोटी डॉलरपर्यंत पोहोचली होती, तरीही त्या विभागातली माणसे कपातीत गेली, कारण खेळण्यांचा बाकीचा धंदा मंदावला होता. एकत्र कुटुंबात कमावत्याच्या ताटातले आधी कमी होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही घरातल्या सुनेला विचारा.

खरेदी करणारा स्वतःच विकला जाऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. अ‍ॅस्मोडी ही फ्रान्सची कंपनी गेल्या काही वर्षांत बैठ्या खेळांच्या अनेक छोट्या कंपन्या गिळत मोठी झाली. स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाने तिला २०२२ मध्ये पावणेतीनशे कोटी युरोना घेतले. दोन वर्षांत समूहाच्याच गळ्यापर्यंत कर्ज आले, तेव्हा अ‍ॅस्मोडीच्या नावावर ९० कोटी युरोचे कर्ज उचलून समूहाची देणी कमी केली गेली, आणि २०२५ च्या आरंभी अ‍ॅस्मोडीला वेगळे काढून शेअर बाजारात सोडले. तिच्या पोटातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओत पट रंगवत बसलेल्या माणसाने यांतले काही केले नव्हते.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपचे घ्या. १९७५ मध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी १९९४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात गेली. तिचेही भागधारक आहेत, तिलाही हिशेब द्यावे लागतात, तरी ती आजही आपल्या सोंगट्या नॉटिंगहॅमलाच बनवते आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती तिथल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत गेली. तेव्हा बाजारात गेले की हौस संपते, असाही नियम नाही. मात्र किंमत तिनेही मोजली आहे. १९७७ मध्ये सुरू झालेले तिचे 'व्हाइट ड्वार्फ' हे मासिक आधी सगळ्यांच्या खेळांविषयी लिहीत असे. दहाएक वर्षांत ते फक्त स्वतःच्या मालाचे मासिक झाले. तुमच्या शनिवारी कोणी दुसऱ्याच्या कंपनीचा खेळ घेऊन आले तर तोही टेबलावर मांडला जातो ना? सर्वांत आधी बंद होईल ते बहुधा हेच.

आता तुमच्या व्यवहाराकडे येते. खान्देशातल्या माणसाला शेअर म्हणजे काय हे शिकवायची गरज नसावी. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली, पुढे संगणकाच्या धंद्यात जाऊन तिचे सगळे रूपच पालटले, आणि ज्या अमळनेरकरांनी जुने शेअर पेटीत जपून ठेवले त्यांच्या घरी लक्ष्मी आली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तुमचे मित्र कदाचित तीच मनात धरून म्हणत असतील की ४० टक्के तर आपल्याकडे राहतातच. इथे थोडे थांबायला हवे. विप्रोचा शेअर बाजारात कोणत्याही दिवशी विकता येतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतले ४० टक्के घ्यायला गिऱ्हाईक सहसा एकच असते, ज्याच्याकडे उरलेले ६० आहेत तो, आणि भाव तोच सांगतो. म्हणून राहिलेले शेअर त्यांनी केव्हा आणि कोणत्या सूत्राने घ्यायचे हे आजच करारात ठरवून घ्या.

तरीही ४० टक्क्यांना एक धार आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे विशेष ठरावाला, विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने लागतात. कंपनीची नियमावली बदलणे यासारख्या गोष्टींना असा ठराव लागतो. म्हणजे पंचवीस टक्क्यांहून अधिक मते एकजुटीने विरोधात पडली तर तो अडतो. तुम्ही चौघे एकत्र असाल तर तो तुमच्या हातात आहे. दोघांनी पुढे आपापले दहा-दहा टक्के विकले की उरलेल्या दोघांकडे वीस राहतील आणि धार गेली. त्यामुळे मुंबईकरांशी करार करण्याआधी चौघांनी आपसात एक करार करावा, आणि त्यात शेअर विकायचे झाल्यास आधी मित्रांना विचारायचे, असे कलम असावे. गायगॅक्सची कंपनी बाहेरच्याच्या हाती जाण्याआधी मित्रांच्या हातूनच निसटली होती, हे मी वर उगाच सांगितले नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ६० टक्के विकण्याआधी दुसरी वाट तपासा. त्यांना हवा आहे तो बहुधा केळीचा खेळ. मग कंपनी न विकता त्या एका खेळाचा परवाना द्या. ठरावीक वर्षे, ठरावीक भाषा, दर डब्यामागे ठरावीक रॉयल्टी, आणि सलग बारा महिने छपाई बंद राहिली तर हक्क आपोआप तुमच्याकडे परत. इथे आपला कायदा तुमच्या बाजूने थोडा झुकतो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क लिहून देणे लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात, आणि हक्क विकल्यानंतरही 'हे मी रचले' असे सांगण्याचा रचनाकाराचा अधिकार शाबूत राहतो. मात्र खेळाच्या कल्पनेला किंवा नियमांच्या युक्तीला कॉपीराइट मिळत नाही. तो मिळतो नियमपुस्तिकेच्या मजकुराला आणि चित्रांना. परवान्यात पैसे कमी येतील आणि हळू येतील. तुमचे कर्ज त्यात फिटत नसेल तर अर्थातच ही वाट बंद आहे, आणि मग विकण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पगार थकवून जपलेल्या हौशीचा मला फारसा आदर नाही.

विकायचेच ठरले तर मसुद्यात एक कलम नक्की असेल, तुम्ही पुढे असाच धंदा करायचा नाही असे. एरवी भारतीय करार कायदा १८७२ अशी बंधने मानत नाही, परंतु व्यवसायाची पत, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याच्या बाबतीत त्याच्या कलम २७ ने अपवाद केला आहे आणि वाजवी मर्यादेत असे बंधन टिकते. ते किती वर्षांचे, कोणत्या भागापुरते, आणि 'असाच धंदा' म्हणजे नेमके काय, हे शब्दाशब्दाने वाचा. घरच्या गच्चीवर दहा मुलांना जमवून नवा खेळ खेळून पाहणे त्यात बसू नये. हे सारे सहीपूर्वी कंपनी कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, नेहमीच्या जमिनीच्या वकिलाला नव्हे.

आता शनिवार. लाल वही बंद पडली त्यात माझीही एक चूक होती, ती मला फार उशिरा कळली. त्या वहीत नावे होती, गावे होती, पण फुकट वॉशर घेऊन गेलेल्यांपैकी किती जणांनी पुढे आमचाच दुसरा पंप घेतला, हे मी कधी लिहिले नाही. बिलबुक माझ्याच कपाटात होते, दोन्ही समोरासमोर ठेवले असते तर दोन दुपारचे काम होते. व्यवस्थापकांनी प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे आकडा असता तर ते टेबल कदाचित दारातच राहिले असते. तुम्ही आजपासून लिहायला लागा. कोणत्या शनिवारी कोण आले, कोणता नियम मोडून कोणता आला, नियमपुस्तिकेतले कोणते वाक्य चौथीच्या मुलाला कळले नाही. सायडिंगचा नियम गार्डसाहेबांनी कोणत्या तारखेला दिला आणि त्यानंतर त्या खेळाची विक्री कशी गेली, तेही शोधा. तीन तास मशीन बंद ठेवण्याचा, चहाचा आणि भेळेचा खर्च काढा आणि त्याला 'खेळ-चाचणी' असे सरळ खाते द्या. ती रक्कम पहिल्या तीन वर्षांसाठी करारालाच जोडून घ्या. हे केल्यावर शनिवार अगदी आहे तसा राहील असे मात्र समजू नका. खाते आले की हजेरीपट येईल, मग फॉर्म येईल, आणि कोणीतरी गार्डसाहेबांना एक ते पाच गुण द्यायला सांगेल. ते फॉर्मवर पेन आडवे ठेवून आपले मालगाडीचे किस्से सांगत बसतील, अशी मला आशा आहे.

सही करण्याआधी मुंबईच्या साहेबांना एका शनिवारी बोलवा. प्रेझेंटेशन दाखवू नका. गार्डसाहेबांसमोर त्यांना बसवा आणि पूर्ण डाव खेळू द्या. हरले तर पुन्हा खेळू म्हणतात की मोबाइल काढतात, एवढे पाहा. त्यावरून व्यवहार ठरवायचा नाही, पण करारात किती बारीक लिहायचे ते ठरवता येईल.

राहिल्या काकू. शेअर विकले जातात तेव्हा मालक बदलतात पण नोकरी देणारी कंपनी तीच राहते, त्यामुळे त्यांची सात वर्षांची सेवा तुटत नाही आणि ग्रॅच्युइटीचा हक्कही जात नाही. तुमच्याकडे दहाहून अधिक माणसे आहेत, तेव्हा ती रक्कम तुम्ही हिशेबात धरलेली आहे का, हे आधी तुमच्या सीएला विचारा. धरली नसेल तर समोरचे ती किमतीतून कापतील आणि चिडचिड नको तिथे निघेल. अकराही जणांना ठरावीक महिने कामावरून काढायचे नाही, आणि काढलेच तर किती महिन्यांचा पगार द्यायचा, ही दोन वाक्ये करारात मागून घ्या. किमतीत थोडे सोडावे लागले तरी मागून घ्या. मग काकूंना सांगा, सहीच्या आधी, तुम्ही स्वतः, त्यांच्या काट्यापाशी जाऊन. 'राहील' असे म्हणू नका, ते तेव्हा तुमच्या हातात नसेल. जितके महिने लेखी मिळाले असतील, तो आकडा सांगा.